दावा कशाच्या जोरावर? रावेर तालुक्यातल्या एका इंग्रजी परिचयपत्राचं प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाने आखातातल्या एका आयातदाराला पाठवण्यासाठी दोन पानांचं इंग्रजी परिचयपत्र तयार केलं आणि पाठवण्याआधी ते माझ्याकडे तपासायला दिलं. मी जळगावात इंग्रजी शिकवते. शेतकरी गट, छोटे उद्योजक, परदेशात शिकायला निघालेली मुलं यांच्या मजकुरावरून नजर फिरवून देणं हे काम मी वर्गातल्या शिकवण्याइतकंच महत्त्वाचं मानते. या पत्रातलं व्याकरण बरं होतं, शब्दही भरपूर होते. अडचण होती ती एका वाक्प्रचाराची. 'ले क्लेम टू', म्हणजे दावा सांगणे, हा प्रयोग पत्रात पुन्हा पुन्हा आला होता आणि जिथे जिथे आला होता तिथे गटाची बाजू बळकट होण्याऐवजी लंगडी पडत होती. शेवटच्या एका ठिकाणी तर प्रश्न भाषेचा राहिलाच नाही, तो थेट कायद्याचा झाला. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण तेच. गावाचं, गटाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

मजकुरात काय होतं

तापीकाठच्या शेजारशेजारच्या गावांतले शेतकरी या गटात आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग अशा दोन्ही लागवडी, बहुतेकांची टिश्यूकल्चर रोपं, ठिबक, आणि निर्यातीसाठी राखलेल्या बागांत घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी. आतापर्यंत त्यांचा माल एका स्थानिक निर्यातदारामार्फत आखातात जात होता. आता थेट आयातदाराशी बोलणी करायची होती.

गटाचा सचिव कृषी पदवीधर आहे. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत त्याने इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ केल्या होत्या. त्या यादीत 'ले क्लेम टू' समोर 'दावा सांगणे, हक्क सांगणे' एवढंच लिहिलेलं होतं. औपचारिक पत्र लिहायचं तर साध्या 'हॅव' आणि 'आर'पेक्षा हे वजनदार दिसेल, असं त्याला वाटलं. परक्या देशातल्या माणसाला लिहिताना आपण भाषेत तरी कमी पडू नये ही धडपड खानदेशातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांमध्ये मी नेहमी पाहते, आणि तिचा मला आदर वाटतो. म्हणूनच ती धडपड चुकीच्या जागी खर्च झाली की जास्त वाईट वाटतं.

पत्रातली मुख्य चार वाक्यं देवनागरीत अशी होती. 'वुई ले क्लेम टू द बेस्ट बनानाज इन द वर्ल्ड.' मग, 'अवर फार्मर्स ले क्लेम टू ऑनेस्टी अँड हार्ड वर्क.' त्यानंतर औषधांच्या अंशाबद्दल, 'वुई ले क्लेम टू बी रेसिड्यू फ्री.' आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'अवर ग्रुप लेज क्लेम ऑन द जीआय टॅग ऑफ जळगाव बनाना.' जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन.

वाक्प्रचाराचा स्वभाव

'क्लेम' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ओरडून सांगण्याच्या, पुकारण्याच्या क्रियापदातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. चारचौघांत उभं राहून 'हे माझं आहे' असं पुकारणं, हा त्याचा गाभा. 'ले क्लेम टू' या औपचारिक प्रयोगाला त्यामुळे दोन अंगं आहेत. एक मालकीचं: जमीन, वारसा, गादी यांवर हक्क सांगणं. दुसरं गुणाचं: एखादं कौशल्य, सद्गुण, मान किंवा वैशिष्ट्य आपल्याकडे आहे असं सांगणं. दुसऱ्या अंगातही पहिल्याची छाया राहते. गुण जणू एखादी मिळकत आहे आणि बोलणारा तिच्यावर नाव लावायला पुढे आला आहे. म्हणून हा प्रयोग ऐकताच वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उठतो, 'कशाच्या जोरावर?' माझ्या मते हा वाक्प्रचार वापरायचा की नाही हे ठरवण्याची खरी कसोटी हाच प्रश्न आहे.

सचिवाला हे समजावताना मी आपल्याच भागातला दाखला घेतला. खानदेशावर दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केलेलं फारुकी घराणं स्वतःचा वंश दुसरे खलिफा उमर फारूक यांच्यापासून सांगत असे. इतिहासकार हे इंग्रजीत लिहील तर असं: 'द फारुकीज लेड क्लेम टू डिसेंट फ्रॉम द कॅलिफ उमर.' या वाक्यात इतिहासकार त्या वंशावळीची हमी घेत नाही. ते असं सांगत होते, एवढंच तो नोंदवतो. दाव्याचं ओझं फारुकींवर राहतं, लिहिणाऱ्यावर नाही. मराठी वर्तमानपत्रात 'असा दावा त्यांनी केला' हे शब्द आले की आपणही नेमकं हेच ओळखतो. बातमीदार स्वतः जबाबदारी घेत नाहीये, हे गावातल्या पारावर पेपर वाचणाऱ्यालाही कळतं. आता हेच वाक्य स्वतःच्या मालाबद्दल, स्वतःच्या तोंडाने लिहिलं तर? आपण आपल्यापासूनच अंतर राखल्यासारखं होतं. गटाने मराठी पत्रकात 'आमची केळी उत्तम असल्याचा आम्ही दावा करतो' असं कधीच छापलं नसतं. 'खात्रीचा माल' असं छापलं असतं. इंग्रजीत गेल्यावर मात्र तोच कान बंद झाला.

याचा अर्थ हा वाक्प्रचार नेहमी संशय पेरतो असं नाही. आधार शेजारीच उभा असेल तर तो फार भारदस्त दिसतो. अमळनेरचंच घ्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे १९५२ मध्ये झालं आणि पुन्हा २०२४ मध्ये, सत्त्याण्णवावं. शिवाय १९१६ पासूनचं तत्त्वज्ञान मंदिर. एखाद्या लेखात 'फ्यू तालुका टाउन्स कॅन ले क्लेम टू सच अ रेकॉर्ड' असं आलं तर ते डौलदार आणि खरं, दोन्ही वाटेल. इथे तीन गोष्टी जुळून आल्या आहेत. बोलणारं अमळनेर नाही, दुसरा कोणी आहे. 'ले'च्या आधी 'कॅन' आहे, म्हणजे सांगायचा अधिकार आहे असा भाव. आणि नोंदी कोणीही पडताळून पाहू शकतो. चांगल्या इंग्रजी गद्यात हा प्रयोग बहुतेक अशाच सोबतीने येतो: 'कॅन', 'कॅन जस्टली', 'फ्यू कॅन'.

प्रथमपुरुषात तो सर्वांत सहज येतो तो नकारात. 'आय कॅनॉट ले क्लेम टू एनी एक्सपर्टीज इन सॉइल सायन्स,' असं एखादा वक्ता भाषणाच्या सुरुवातीला म्हणतो. मृदाशास्त्रातला मी जाणकार नाही, ही नम्रपणाची रीत. आपल्याकडे 'मी काही मोठा अभ्यासक नाही, पण' असं म्हणून बोलायला सुरुवात करतात, त्याच जातीची. सचिवाच्या यादीत हे कुठेच नव्हतं, आणि बहुतेक याद्यांत नसतंच. शब्दाचा अर्थ देतात, पण तो कोणी, कोणाबद्दल, होकारात की नकारात वापरायचा हे देत नाहीत. माझ्या मते ही शिकवण्यातली मोठी उणीव आहे. तिच्यामुळे हुशार मुलं बरोबर अर्थाचा शब्द चुकीच्या तोंडी घालतात.

जवळच्या शब्दांबद्दल थोडक्यात. साधा 'क्लेम' म्हणजे अमुक खरं आहे असं म्हणणं, त्यात हक्काचा भाव कमी. 'क्लेम टू फेम' म्हणजे एखाद्याची ओळख ज्या एका गोष्टीमुळे आहे ती, आणि तो प्रयोग बराच हलकाफुलका आहे, व्यापारी पत्रात शोभत नाही. 'प्रिटेंड' आज सोंग करणं या अर्थाने चालतो, पण पूर्वीच्या इंग्रजीत तोही दावा सांगणंच होता. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या जेम्स फ्रान्सिस एडवर्ड स्टुअर्टला 'ओल्ड प्रिटेंडर' म्हणत, ते तो तोतया होता म्हणून नव्हे, दावेदार होता म्हणून.

व्याकरणाच्या दोन खाचा

चारपैकी दोन वाक्यांत व्याकरणही घसरलं होतं आणि दोन्ही घसरणी मराठी माणसाच्या ठरलेल्या आहेत.

पहिली 'लेज क्लेम ऑन'. आपण एखाद्या गोष्टी'वर' दावा सांगतो, म्हणून हात आपोआप 'ऑन'कडे जातो. इंग्रजीत 'अ क्लेम ऑन' वेगळ्या जागी चालतो, पण 'ले क्लेम'नंतर 'टू'च येतो. लक्षात ठेवायला सचिवाला मी 'ले सीज टू' हा प्रयोग दिला. अकबराच्या फौजेने असीरगडाला वेढा घातला आणि १६०१ मध्ये गड पडला. 'अकबर लेड सीज टू असीरगड.' वेढा गडा'ला', दावा गुणा'ला'. बांधणी एकच. ही जोडी एकदा डोक्यात बसली की 'ऑन' परत येत नाही.

दुसरी 'ले क्लेम टू बी'. इथला 'टू' हा क्रियापदाआधीचा नव्हे, तो शब्दयोगी अव्ययासारखा आहे. त्याच्यापुढे नाम हवं, किंवा 'बीइंग'सारखं नामाचं काम करणारं रूप. 'ले क्लेम टू बीइंग' बरोबर, 'ले क्लेम टू बी' नाही. आणि भूतकाळात 'लेड', स्पेलिंग एल-ए-आय-डी. तिथे 'लाइड' लिहिलं तर वाचकाला खोटं बोलल्याची आठवण होते, आणि विक्रीच्या पत्रात ती आठवण परवडणारी नाही.

नानांचा प्रश्न

गटाचे अध्यक्ष नाना हे सत्तरीकडे झुकलेले, केळीतच हयात गेलेले गृहस्थ. सचिवाबरोबर तेही आले होते आणि बराच वेळ शांतपणे ऐकत होते. मी पहिली तीन वाक्यं काढायला सांगते आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "ताई, माल चांगला आहे तर चांगला म्हणायला काय हरकत? व्यापारी तर रोज आमच्या मालात खोट काढतो. आमची बाजू आम्ही नाही मांडली तर मांडणार कोण?"

हा प्रश्न मी फार गंभीरपणे घेतला, कारण त्यामागे या पट्ट्याचा अनुभव आहे. भाव जाहीर होतो, पण बागेत कटाईच्या वेळी 'माल नवतीचा नाही, पिलबागेचा वाटतो', 'फणी बारीक आहे', 'चरका बसलाय' असं म्हणून तो खाली ओढला जातो. (नवती म्हणजे नव्या लागवडीचं पहिलं पीक, पिलबाग म्हणजे तिच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक, चरका म्हणजे थंडीचा फळाला बसलेला फटका.) मालाचा गुण कोणी ठरवायचा, हा इथे रोजच्या पैशांचा प्रश्न आहे. अशा माणसाला 'स्वतःची स्तुती करू नका' हा उपदेश करणं अन्यायाचं ठरलं असतं. तसा उपदेश मला करायचाही नव्हता.

मी म्हटलं, "नाना, दावा सोडायचा नाहीच. पण तुम्ही कोर्टात जमिनीचा दावा लावता तेव्हा अर्जासोबत सातबारा जोडता ना? फेरफार जोडता. नुसतं 'शेत माझं आहे' म्हटल्याने वकीलही उभा राहत नाही. या पत्रात दावे चार आहेत आणि सातबारा एकही नाही."

नाना सचिवाकडे वळून म्हणाले, "मग जोड ना. आपल्याकडे कागद कमी आहेत का?"

तिथून कामाला खरी दिशा मिळाली. पुढचा वेळ आम्ही इंग्रजीवर कमी आणि कागदांवर जास्त घालवला. मला हे या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वळण वाटतं.

'जगातली सर्वोत्तम केळी' या वाक्याला जोडण्याजोगा कागद नाही, कोणाकडेच नाही. केळीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, पण निर्यातीत इक्वेडोर फार पुढे आहे. आखातातला आयातदार इक्वेडोरचा, फिलिपिन्सचा माल रोज हाताळतो, आणि भारतातून सोलापूर भागाचाही. त्याला 'बेस्ट इन द वर्ल्ड' म्हणणारं पत्र नवं नसतं. मात्र तापीखोऱ्यातली खोल काळी गाळाची जमीन, वाण ग्रँड नैन, लागवडीची तारीख, घड कापल्यापासून पॅकहाउसमध्ये पोचायला लागणारा वेळ, प्री-कूलिंगची, म्हणजे भरण्याआधी माल थंड करण्याची, सोय, खोक्याचं वजन, फळाची जाडी आणि लांबी, कंटेनरमध्ये १३ ते १४ अंश तापमान राखण्याची पद्धत, या सगळ्या गोष्टी गटाकडे लिहून ठेवलेल्या होत्या. निर्यातदाराच्या शिस्तीमुळे ही सवय लागली होती. ते पहिलं वाक्य गेलं आणि त्या जागी हा तपशील आला. तिथे क्रियापदं साधी: 'वुई ग्रो', 'वुई हार्वेस्ट', 'वुई पॅक'. दावा नावाचा शब्दच नाही, आणि तरी पत्र पहिल्यापेक्षा कितीतरी ठाम झालं.

'रेसिड्यू फ्री'चं वाक्य याहून धोक्याचं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल 'या नमुन्यात, तपासलेल्या अमुक औषधांचे अंश मोजता येण्याच्या मर्यादेखाली आहेत' एवढंच सांगतो. अंश अजिबात नाहीत असं तो म्हणत नाही, आणि सगळ्या बागांबद्दल तर मुळीच नाही. उद्या एखाद्या खेपेत करप्याच्या, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाच्या, औषधाचा अंश निघाला तर 'आम्ही मुक्त आहोत' हे लेखी वाक्यच गटाच्या विरोधात उभं राहील. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा गेल्या हंगामाचा अहवाल त्यांच्याकडे होता. म्हणून वाक्य असं झालं: नमुना अमुक तारखेला तपासला, अहवाल सोबत जोडला आहे, प्रत्येक खेपेआधी तपासणी करून देऊ. सचिवाला सुरुवातीला हे पडतं घेतल्यासारखं वाटलं. मला उलट वाटतं. तारीख असलेलं वाक्य विशेषणापेक्षा उंच उभं राहतं, आणि माल विकत घेणारा माणूस तारीखच शोधत असतो.

प्रामाणिकपणाच्या वाक्याला कागद कोणता जोडणार? स्वतःच्या प्रामाणिकपणाची ग्वाही स्वतः देता येत नाही, कोणत्याच भाषेत. पण आधीचा निर्यातदार देऊ शकतो. मी सुचवलं की त्यांच्याकडून एक छोटं शिफारसपत्र घ्या, आणि त्यात त्यांनी 'दिस ग्रुप कॅन जस्टली ले क्लेम टू अ रेकॉर्ड ऑफ टाइमली डिलिव्हरी' असं लिहिलं तर ते शोभेल. तोच वाक्प्रचार, पण आता तिसऱ्याच्या तोंडी, 'कॅन जस्टली'सह, आणि मागे व्यवहारांची नोंद. निर्यातदाराने पत्र दिलं. वाक्प्रचार त्यांनी वापरला नाही, साध्या शब्दांत वेळेवर माल पुरवल्याचं लिहिलं, आणि तेही पुरेसं होतं.

जीआयचं वाक्य

चौथं वाक्य मला सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित वाटत होतं. 'ऑन'चा 'टू' केला की झालं. कारण इथे आधार आहे, आणि तो सरकारी नोंदीतला आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावच्या भरीत वांग्यालाही त्याच वर्षी.

खरं तर भौगोलिक मानांकन म्हणजे कायद्याने मान्य केलेला 'ले क्लेम टू' आहे. भारताचा याविषयीचा कायदा १९९९ चा, अमलात आला १५ सप्टेंबर २००३ रोजी, आणि नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. कायद्यातली व्याख्या पाहिली तर मालाचा ठरावीक दर्जा, नावलौकिक किंवा अन्य गुणवैशिष्ट्य हे मुख्यतः त्याच्या भौगोलिक उगमामुळे असलं पाहिजे, असं ती म्हणते. म्हणजे 'हा गुण आमच्या मातीचा आहे' हा दावा मांडायचा, त्याचे पुरावे द्यायचे, हरकती मागवल्या जाणार, आणि मग नोंद होणार. एवढी रीतसर प्रक्रिया पार पडल्यावर कोणी 'ले क्लेम टू' म्हणालं तर त्याला कोण अडवणार, असा माझा कल होता.

म्हणून मी सचिवाला फक्त एवढंच विचारलं, "नोंद कोणाच्या नावावर आहे?"

तो म्हणाला, "जळगाव जिल्ह्याच्या, मॅडम."

तसं नसतं. जळगाव केळीची नोंदणी तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावाने आहे. जून २०२१ मध्ये जीआय प्रमाणित जळगाव केळीची खेप दुबईला गेली, ती तांदलवाडीच्याच शेतकऱ्यांची. सचिवाने ती बातमी वाचली होती आणि तिच्यावरून असं धरलं होतं की जळगाव जिल्ह्यात पिकलेली केळी म्हणजे जीआय केळी. माझ्या अनुभवात हा समज तालुक्यातल्या चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

नोंदवहीचे दोन भाग असतात. एका भागात मानांकन आणि त्याचा नोंदणीकृत मालक, दुसऱ्या भागात अधिकृत वापरकर्ते. त्या प्रदेशातल्या उत्पादकाला ते नाव मालावर जीआय म्हणून वापरायचं असेल तर त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र अर्ज करून नोंद करून घ्यायची असते. नाव वापरण्याचा हक्क त्या नोंदीतून येतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येतं. हा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ट्रेडमार्क आणि हे मानांकन यांत हा मोठा फरक आहे. एका शेतकऱ्याची नोंद आहे म्हणून त्याच्या भावाने त्याच नावाने खोकी भरावीत, असं चालत नाही.

गटातल्या एकाही शेतकऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नव्हती.

म्हणजे जे वाक्य भाषेच्या बाजूने सर्वांत भक्कम दिसत होतं तेच कायद्याच्या बाजूने सर्वांत पोकळ निघालं. इतर तीन वाक्यांनी फार तर आयातदाराच्या चेहऱ्यावर शंका उमटली असती. या वाक्याने गट दुसऱ्यांच्या नोंदणीकृत हक्कावर पाय ठेवत होता, आणि तेही लेखी, सही-शिक्क्यानिशी. मालकीचा अर्थ आणि गुणाचा अर्थ अशी वाक्प्रचाराची दोन अंगं मी वर वेगळी सांगितली. इथे ती एकमेकांत गुंतली होती. गुण मातीत खरोखर होता, त्याबद्दल वाद नाही. त्या गुणाच्या नावावरचा हक्क मात्र अजून गटाने मागितलेलाच नव्हता.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आम्ही याच मातीत केळी लावतो, आमच्या वडिलांनी लावली. तरी आमचा हक्क नाही?"

"हक्क मागायचा अधिकार तुम्हाला आहे, नाना. त्या प्रदेशातला उत्पादक म्हणून अर्ज तुम्ही करू शकता. फक्त तो अर्ज करायचा राहिला आहे."

सचिव तेव्हाच वहीत सभासदांची यादी काढून बसला. कोणाचा सातबारा कोणाच्या नावावर, कोणाची वाटणी अजून कागदावर आली नाही, कोणाची केळी बटाईच्या शेतात आहे, याची चर्चा सुरू झाली. त्यात माझं काही काम नव्हतं, पण मी ऐकत बसले.

पत्र कसं गेलं

सुधारलेल्या पत्रात 'ले क्लेम टू' एकदाही नाही. जीआयच्या जागी आलेलं वाक्य मराठीत सांगायचं तर असं आहे: आमच्या बागा जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आहेत, जळगाव केळीचं भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये नोंदलं गेलं आहे, आमच्या सभासदांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची प्रक्रिया सुरू केली आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत आमच्या खोक्यांवर जीआय चिन्ह असणार नाही. हे शेवटचं अर्धवाक्य ठेवावं की नाही यावर गटात वाद झाला. न विचारता उणं कशाला सांगायचं, असं काहींचं म्हणणं होतं. नानांनी ते ठेवायला लावलं. आयातदार उद्या चिन्ह कुठे आहे असं विचारणारच, तेव्हा खुलासा करण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं, असं ते म्हणाले.

पत्र गेलं, पण त्याआधी सभासदांचे अर्ज तयार झाले, नाहीतर 'प्रक्रिया सुरू केली आहे' हेही खोटं ठरलं असतं. या क्रमाबद्दल मी आग्रही होते.

आयातदाराचं उत्तर आलं ते दोन प्रश्नांचं. अंश तपासणीचा अहवाल कोणत्या बागेतल्या नमुन्याचा आहे, आणि कटाईपासून प्री-कूलिंगपर्यंत नेमके किती तास लागतात. मानांकनाबद्दल त्याने काही विचारलं नाही. सचिवाने दोन्ही उत्तरं नोंदवहीतून उतरवून पाठवली आणि त्या मजकुराला माझ्या तपासणीची गरज पडली नाही. बोलणी अजून चालू आहेत, भाव ठरलेला नाही.

मानांकनाची नोंद हाती आल्यावर परिचयपत्राची पुढची आवृत्ती काढायची आहे. त्या वेळी 'अवर रजिस्टर्ड ग्रोअर्स कॅन राइटफुली ले क्लेम टू द नेम जळगाव बनाना' हे वाक्य घालायचं का, असं सचिवाने परवा फोनवर विचारलं. मी हो म्हटलं आहे. फक्त ज्या सभासदांची नोंद झाली असेल त्यांचीच नावं त्या वाक्याखाली छापायची, ही अट घातली आहे, आणि ती त्याने मान्य केली आहे.